सराव नावाचा कप्पा

नवगाव कोळीवाडा
९ ऑक्टोबर २०२५

हितेश,

तू जिवंत आहेस हे मला सुक्या मासळीच्या टेम्पोवाल्याकडून कळलं. आपला सदू श्रीवर्धनला माल टाकायला जातो, येताना हरिहरेश्वरला देवाच्या पाया पडून येतो. तिथे एका भक्तनिवासाच्या अंगणात त्याने तुला झाडू मारताना पाहिलं. हाक मारली तर तू आत निघून गेलास. त्याने आईंना काही सांगितलं नाही. मला मागच्या दारी बोलावलं आणि सांगितलं. मी तिथेच ओट्यावर बसले. किती वेळ बसले होते मला माहीत नाही.

तुझी बाईक आणि मोबाईल मांडव्याच्या जेटीवर सापडल्यापासून इकडे काय झालं ते तुला कळायला हवं. बाबा वाड्यातल्या होड्या घेऊन मांडव्यापासून किहीमपर्यंत पाणी धुंडाळत होते. पोलीस म्हणाले, कोळ्याचा मुलगा आहे, पोहता येतं, कुठेतरी बाहेर पडला असेल. बाबा म्हणाले, "ज्याला पोवायचाच न्हाय, त्याचा काय?" त्यानंतर ते फारसं बोललेले नाहीत. तू जिवंत आहेस हे मी आईंना आणि त्यांना सांगितलं, तेव्हाही त्यांनी फक्त मान हलवली आणि जाळं विणायला घेतलं.

आई बऱ्या आहेत. हल्ली बाजारात टोपली घेऊन बसत नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात.

आईंसमोर मी तुला अहो म्हणते. पत्रात म्हणणार नाही. कॉलेजपासून तू माझ्यासाठी तूच आहेस.

मी तिकडे येणार नाही. मी आले तर तू तिथूनही पुढे जाशील, आणि हरिहरेश्वरच्या पुढे नुसतं पाणी आहे. म्हणून लिहिते. पत्र सदू आणून देईल. घेऊन ठेव, वाचलं नाहीस तरी चालेल.

त्या सकाळचं सगळं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा ओळीने लिहून बघायचं आहे. ओळीने लिहिलं की त्यात एक गोष्ट बसत नाही.

दर महिन्याच्या सुरुवातीला, काउंटर उघडायच्या आधी, तू रुग्णालयाच्या मशीनमधला सरावाचा कप्पा रिकामा करतोस. नव्या मुलींना शिकवायला जो खोटा डेटा लागतो, तो. सप्टेंबरमध्येही केलास. मग आम्ही काउंटर उघडला. थोड्या वेळाने तक्रारी आल्या की नुकतीच नोंद झालेले पेशंट सापडत नाहीत. मी तुला खाली फोन केला, तू म्हणालास बघतो. तेवढ्यात आवडाबाईंना रिक्षातून आणलं. तापाने ग्लानीत होत्या, बोलायच्या स्थितीत नव्हत्या. त्यांचा मुलगा काळूरामदादा दर्यावर, बरोबर फक्त शेजारीण. डॉक्टरांनी केसपेपर मागितला. मी नंबर टाकला, पेपर आला. नाव, वय, साखर, रक्तदाब, सगळं होतं. ॲलर्जीचा रकाना कोरा होता. त्यांना पेनिसिलिनच्या जातीचं इंजेक्शन दिलं गेलं आणि दुपारच्या आत त्या गेल्या.

आता जे बसत नाही ते. ऑगस्टच्या अखेरीस आवडाबाईंच्या अंगावर गोळीने गांध्या उठल्या होत्या, तेव्हा तो रकाना मी स्वतः भरला होता. माझ्या हातांनी. मग तू जर खरा डेटा पुसलास, असं सगळे म्हणतात, तर त्यांचा पेपर आलाच कसा? आणि आला, तर माझी नोंद कुठे गेली?

रुग्णालयाचे प्रशासक म्हणतात, तू पळालास यातच सगळं आलं. दिवाळीनंतर ट्रस्टची चौकशी बसणार आहे. मशीनजवळ बसायला कोणी तयार नाही, म्हणून काउंटर सांभाळून मलाच बसवलंय. ज्या कंपनीने प्रोग्रॅम दिला, तिचे चांगदेव सर मुंबईहून मला शिकवायला येणार आहेत. तू शिकवतो म्हणायचास आणि मी हसायचे. आता शिकते.

जेवत जा.

दिशा

*

नवगाव
१७ ऑक्टोबर

हितेश,

सदूने तुझी चिठ्ठी आणून दिली. भक्तनिवासाच्या पावतीच्या मागे लिहिलेली. "नको लिहूस. एंटर मी दाबलं." बस, एवढंच. तुझं अक्षर पाहिलं आणि मला रडू आलं नाही, राग आला. आईंनी विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं, ठीक आहे म्हणतो, सगळ्यांना विचारलंय म्हणतो. त्यांनी ती पावती देवापुढे ठेवली. त्यांना वाचता येत नाही ते या वेळी बरं झालं.

मी लिहिणारच.

चांगदेव सर चांगले शिकवतात. निवृत्तीला आलेले आहेत, बोलताना चष्मा कपाळावर ठेवतात आणि मग शोधतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला काळ्या पडद्यासमोर बसवलं. हिरवी अक्षरं, खाली एक ओळ रिकामी, आणि तिथे लुकलुकणारी खूण. म्हणाले, "याला चित्रं कळत नाहीत, माउस कळत नाही. याला सांगावं लागतं. आधी काय करायचं ते, मग कशाचं करायचं ते. दोन्ही तीन-तीन अक्षरांत."

मग ते एकेक सांगत गेले. डीएसपी म्हणजे दाखव. सीआरटी म्हणजे बनव. सीपीवाय म्हणजे नक्कल कर. एसएव्ही म्हणजे जपून ठेव. आणि एलआयबी म्हणजे लायब्ररी. मला वाटलं पुस्तकांची. ते हसले. म्हणाले, "लायब्ररी म्हणजे कप्पा. या मशीनमधली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या कप्प्यात असते. मोकळी कुठेच पडलेली नसते." आपल्या मशीनमध्ये पेशंटच्या कामाचे दोन कप्पे आहेत. एकाचं नाव दवाखाना, दुसऱ्याचं सराव. हे तुझ्या तोंडून मी किती वेळा ऐकलंय, पण जेवण वाढता वाढता.

मी विचारलं, रिकामं कर याला काय म्हणतात. सर म्हणाले, "सीएलआर. सीएलआर एलआयबी, पुढे कप्प्याचं नाव."

"आणि मग ते विचारतं का, नक्की करू का म्हणून?"

"नाही. हे मशीन विचारत नाही."

मी हात मांडीवर घेतले. बराच वेळ कीबोर्डला हात लावावासा वाटेना. तू रोज याच्यासमोर बसत होतास. मी वर काउंटरवर बसून तुला फोन करायचे, आज केसपेपर हळू येतायत, काहीतरी कर ना.

आज दुसरा धडा झाला, यादीचा. सर म्हणाले, काउंटरवरच्या मुली कधी कप्प्याचं नाव टाइप करतात का? नाही. मग मशीनला कसं कळतं पेशंट कुठे शोधायचा? त्याच्याकडे कप्प्यांची एक यादी असते. पहिल्या कप्प्यात बघतं. तिथे ती वस्तू मिळाली नाही तर मुकाट्याने दुसऱ्यात बघतं. तिथे मिळाली तर तीच उचलतं. कुठून उचलली ते सांगत नाही.

मी ते वाक्य लिहून घेतलं. घरी आल्यावर पुन्हा वाचलं. काहीतरी आहे, पण हाताला लागत नाही.

वाड्यात दिवाळीची साफसफाई चालू आहे. आपल्याकडे कंदील लावणार नाही. बाबांनी होडी वर ओढून ठेवली आहे. दर्यावर जायला सोबत कोणी येत नाही असं नाही, त्यांचंच मन नाही, असं ते म्हणतात.

तू म्हणतोस एंटर मी दाबलं. दाबलंस. मला हे कळायचं आहे की दाबलंस तेव्हा समोर काय होतं.

दिशा

*

नवगाव
२४ ऑक्टोबर

हितेश,

हे पत्र वाच. बाकीची वाचू नकोस, हे वाच.

काल मी सरांना एक प्रश्न विचारला. साधा होता, मला वाटलं मूर्खासारखाही आहे. मी म्हटलं, "सर, कप्प्यावर नाव सराव असलं आणि आत कोणी खऱ्या वस्तू ठेवल्या, तर मशीनला कळेल का?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, परत कपाळावर ठेवला. मग म्हणाले, "पाणी मिळेल का?"

मी पाणी आणलं. ते तसंच हातात धरून बसले. म्हणाले, "हितेश तेव्हा सुट्टीवर होता. नारळी पौर्णिमेला."

तुझी ती सुट्टी मला आठवते. बाबांची होडी रंगवायची होती, तू अंगभर रंग लावून घेतला होतास. त्याच दिवसांत सरांची कंपनी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवत होती. दवाखाना कप्प्यात काम चालू असताना काउंटर बंद ठेवायला प्रशासक तयार नव्हते. म्हणून सरांनी खऱ्या डेटाची सगळी नक्कल सराव कप्प्यात टाकली आणि यादीत सराव वर घेतला, दवाखाना खाली. काउंटर चालू राहिला, कुणाला काही कळलं नाही. तात्पुरतं होतं. ते मला म्हणाले, "तात्पुरतं म्हणून केलं, पोरी. परत येऊन उलटं करायचं होतं. मग पुढची भेट प्रशासकांनी खर्च वाचवायला रद्द केली, आणि ते तसंच राहिलं."

नारळी पौर्णिमेनंतर आम्ही जे जे टाकलं, ते सगळं सराव नावाच्या कप्प्यात जात होतं. आवडाबाईंची ॲलर्जीही. तू परत आलास, महिना उलटला, आणि तू नेहमीसारखा सराव रिकामा केलास. तू बरोबर कप्पा रिकामा केलास, हितेश. त्याच्या आत काय आहे हे तुला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मग मशीन थांबलं नाही. पहिला कप्पा रिकामा, म्हणून त्याने दुसऱ्यात हात घातला. तिथे जुना डेटा पडला होता, नारळी पौर्णिमेच्या आधीचा. त्यात आवडाबाई होत्या. त्यांच्या गांध्या नव्हत्या. म्हणून पेपर आला आणि रकाना कोरा होता.

तू दर शनिवारी जी प्रत जपून ठेवायचास, तीसुद्धा दवाखाना कप्प्याची होती. म्हणजे ती तीन आठवड्यांची नोंद कुठेच नाही. हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, कुठेच नाही.

मी म्हटलं, "हितेशला का नाही सांगितलंत?"

"प्रशासकांना सांगितलं होतं. त्याला कळवा म्हणालो होतो. लेखी दिलं नाही."

"हे चौकशीत सांगाल?"

ते उठले. बॅग भरली. म्हणाले, आज बरं वाटत नाही, लवकरची बोट घेतो. मी जिन्यापर्यंत मागे गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

आता दुसरं. तुझ्यापासून लपवत होते, पण आज सगळंच सांगते. आईंचा गुडघा दुखत नाही. त्यांच्याकडून कोणी मासळी घेत नाही. पहिल्या दिवशी टोपली तशीच परत आली, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बाई जाता जाता म्हणाली, हिच्या हातचं खाऊन मरायचंय का. त्या टोपली तिथेच सोडून घरी आल्या. आणि बाबांबरोबर दर्यावर यायला खरंच कोणी तयार नाही.

काळूरामदादा परवा काउंटरवर आले होते. रांगेत उभे राहून माझ्यापर्यंत आले. म्हणाले, "कुठं हाय तो?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "जिता हाय का?" मी त्यांच्या मागच्याचा कागद घ्यायला हात पुढे केला. ते बराच वेळ उभे होते. मागचा माणूस ओरडला तेव्हा बाजूला झाले.

उत्तर पाठव. एक ओळ पाठव.

दिशा

*

मांडवा जेटी
३० ऑक्टोबर

हितेश,

इथल्या बाकावर बसून लिहिते. बोट गेली.

चांगदेव सर मशीनवरचं त्यांचं सामान न्यायला आले होते. मला कळवलं नव्हतं. मी रिक्षाने मागून आले तर ते तिकीट काढून उभे. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले. मी म्हटलं, "सर, तो खडकावर बसतो."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं. सदूने काल मला सांगितलं ते. हरिहरेश्वरच्या देवळामागे प्रदक्षिणेची वाट आहे, खडकांतून खाली उतरणारी. भरती लागली की तिकडे कोणी जात नाही, लाटा माणसं ओढून नेतात, तशी पाटीच लावलेली आहे. तू बरोबर भरतीला तिथे जाऊन बसतोस. सदूने तुला वरून पाहिलं. पाणी तुझ्या पायापर्यंत येऊन जात होतं आणि तू पाय वर घेत नव्हतास. भक्तनिवासाचे मालक त्याला म्हणाले, हा माणूस तुमचा असेल तर घेऊन जा, आम्हाला भीती वाटते.

हे मी सरांना सांगितलं. लोक बघत होते. माझा आवाज चढला असेल. ते म्हणाले, "हळू बोल." मी म्हटलं, "तुम्ही बोलत नाही तोवर मी हळू बोलणार नाही."

ते म्हणाले, "माझं शेवटचं वर्ष आहे, दिशा. मी तोंड उघडलं तर कंपनी मला उभं करणार नाही. एका बाईचा जीव गेलाय. उद्या माझ्यावर केस झाली तर?"

"आणि आज त्याच्यावर आहे ती?"

"मी पुसलं नाही."

"त्यानेही पुसलं नाही. त्याने सराव पुसला."

 मग भोंगा झाला आणि ते फळीवरून बोटीत चढले. बसायला जागा होती तरी बसले नाहीत, पाठ करून उभे राहिले. मी काय करणार होते? हात धरून ओढणार होते?

हितेश, मला आता पुढचं काही दिसत नाही. मी सकाळी उठते, आईंना चहा देते, रुग्णालयात जाते, त्या काळ्या पडद्यासमोर बसते आणि डीएसपी एलआयबी लिहून सराव कप्पा उघडते. तो रिकामा असतो. रोज रिकामा असतो, तरी मी रोज उघडते. मग घरी येते. बाबा होडीच्या सावलीत बसलेले असतात. मी त्यांच्याकडे बघत नाही, ते माझ्याकडे बघत नाहीत. आज या जेटीवर तुझी बाईक जिथे सापडली, तिथे मी उभी राहिले होते. खाली पाणी हिरवं होतं. तुला काय वाटलं असेल ते मला पहिल्यांदा कळलं, आणि मी घाबरून या बाकावर येऊन बसले.

म्हणून सांगते. तू गेलास तर पुढच्या वेळी मी काठावरून या बाकावर परत येईनच असं नाही. ही धमकी नाही. मला स्वतःची खात्री देता येत नाही, एवढंच.

भरतीला खडकावर बसू नकोस. बाकी काही मागत नाही. ओहोटीला बस.

दिशा

*

नवगाव
८ नोव्हेंबर

हितेश,

काल चौकशी झाली. जसं झालं तसं लिहिते, गोड करून नाही.

ट्रस्टची माणसं, प्रशासक, डॉक्टर, आणि एका बाजूला काळूरामदादा. त्यांना बोलावलं नव्हतं, ते येऊन बसले, आणि जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मला सांगितलं होतं की तू फक्त मशीन दाखव, मत देऊ नकोस. प्रशासकांनी वाचून दाखवलं की ऑपरेटरने निष्काळजीपणे खरा डेटा पुसला आणि तो फरार झाला. संपलंच होतं.

तेव्हा दार उघडून चांगदेव सर आत आले. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. त्या दाराशीच थांबल्या, जणू ते परत फिरतील म्हणून. सरांनी कुणाला नमस्कार केला नाही. म्हणाले, "डेटा हितेश कोळीने हलवला नव्हता. मी हलवला होता." आणि सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. प्रशासक म्हणाले, मला हे कधीच कळवलेलं नाही. सर म्हणाले, "तुमच्या केबिनमध्ये सांगितलं. तुम्ही फोनवर होतात. हो म्हणालात." प्रशासक म्हणाले, मी फोनवर कुणाला तरी हो म्हणालो असेन. 

मग मला मशीन दाखवायला सांगितलं. मी यादी पडद्यावर आणली. सराव वर, दवाखाना खाली. अजून तशीच होती, मी तिला हात लावला नव्हता. ट्रस्टचे जुने वकील म्हणाले, सोप्या भाषेत सांगा. मी सांगितलं, "घरात दोन डबे आहेत. रोज मीठ या डब्यातून काढतो. मी नसताना कुणी मीठ दुसऱ्या डब्यात ओतलं आणि मला सांगितलं नाही. मी नेहमीसारखा तो दुसरा डबा धुतला." ते म्हणाले, "धुण्याआधी झाकण उघडून बघायला नको होतं का?"

मी खरं सांगितलं. हो, बघता आलं असतं. डीएसपी एलआयबी म्हणून बघता आलं असतं. तो इतक्या वर्षांत कधी बघत नव्हता, कारण त्यात कधी दुसरं काही नसायचं.

हे मी तुझ्याविरुद्ध बोलले असं तुला वाटेल. मला तुझी बाजू खोटी मांडायची नव्हती. तू मला खोटी मांडू दिली नसतीस.

शेवटी काळूरामदादा उठले. म्हणाले, "मना ह्या डब्यांचा काय कलत न्हाय. माजी आय कुणी मारली, येवढाच सांगा."  सर खाली बघत होते. प्रशासक कागद लावत होते. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशीचा कोरा पेपर मी डॉक्टरांच्या हातात दिला. आधीच्या आठवड्यात ती नोंद मी केली होती. मला आठवायला हवं होतं. रांग मोठी होती, मला आठवलं नाही." ते तसेच बाहेर निघून गेले.

निकाल असा आहे. दोष तिघांवर ठेवलाय, कंपनी, प्रशासक आणि तू. तुझ्यावर सगळ्यात कमी, पण आहे. फरार शब्द काढलाय. तू येऊन तुझं म्हणणं दिलंस तर तुला कामावर घेण्याचा विचार करतील असं लिहिलंय. सरांना कंपनीने आजच घरी बसवलं. काल जाताना ते मला म्हणाले, "तू त्या दिवशी तो प्रश्न विचारला नसतास तर मी बोललो नसतो. मला माझंच आश्चर्य वाटतं." त्यांच्या पत्नीने माझा हात धरला.

त्या तीन आठवड्यांच्या नोंदी आम्ही परत भरतोय. आम्ही वाड्यावाड्यात निरोप पाठवला की त्या दिवसांत आलेल्यांनी जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं, जे असेल ते घेऊन यावं. लोक पिशव्या घेऊन येतात. आज आईंकडून मासळी न घेणारी ती बाईही आली, पिशवी माझ्यासमोर उलटी केली. मी तिची नोंद भरली. ती म्हणाली, "नीट बघून भर गो." मी म्हटलं, बघते.

तुझ्याकडून अजून एक ओळही नाही. सदू म्हणाला, तू पत्र घेतोस आणि खिशात ठेवतोस. काल ओहोटी होती का?

दिशा

*

नवगाव
१६ नोव्हेंबर

हितेश,

हे पत्र सदू आणणार नाही.

आज सकाळी काळूरामदादा घरी आले. आई चुलीपाशी होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. बाबा होडीकडून धावत आले, त्यांना वाटलं भांडण होणार. दादा आत आले नाहीत, ओट्यावर बसले. पाणी दिलं, प्यायले. मग म्हणाले, "तो हरिहरेश्वराला हाय ना?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "हाय."

"मना ठावं हाय. सदूच्या टेम्पोत मीपन बसतो कधी."  मग त्यांनी सांगितलं की आवडाबाईंच्या अस्थी अजून घरातच आहेत. दर्यावरून ते परत आले तोवर सगळं उरकलं होतं, शेजाऱ्यांनी अग्नी दिला होता. त्यांना फक्त मडकं मिळालं. ते सोडायला त्यांचा हात होईना. आईची इच्छा हरिहरेश्वरची होती. रोज ते उद्या जाऊ म्हणतात आणि रोज जात नाहीत.

आई म्हणाल्या, "येवढे दिस ठेवू नये रं, बाला."

तेव्हा ते रडले. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. एवढा मोठा खलाशी माणूस, आपल्या ओट्यावर. म्हणाले, "मी दर्यात व्हतो. मी आसतो तर डाक्टरला सांगितला आसता, तिला ती सुई चालत न्हाय म्हणून. मना म्हाईत व्हता. कुनाच्या मशिनीत नसला तरी मना म्हाईत व्हता."

बाबा त्यांच्याशेजारी जाऊन बसले.  मी आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

जाताना दादा मला म्हणाले, "उद्या जातंय मी. मना सख्खा भाव न्हाय. पान्यात उतरताना बाजूला कुनीतरी पायजे. तो माज्या आयला मावशी बोलायचा." आणि मग म्हणाले, "चिठ्ठी आसंल तर दे, मी नेतो."

मी त्यांना विचारलं, "दादा, तुम्ही त्याला माफ केलं का?" विचारायला नको होतं. ते म्हणाले, "ता मी अजून बगितला न्हाय. आदी तो भेटू दे."

म्हणून तुला माफी मिळाली असं मी लिहीत नाही. मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. ते येतायत एवढंच आहे.

आईंनी तुझा एक धुतलेला सदरा आणि धोतर बांधून दिलंय, पाण्यात उतरायला लागेल म्हणून. बाबांनी काही दिलं नाही. पण दुपारी त्यांनी होडी पाण्यात ढकलली, आणि काळूरामदादांनी मागून हात लावला. सगळ्या वाड्याने पाहिलं.

भरतीची वेळ दादांना विचार, त्यांना पाठ असते. त्यांच्याबरोबर उतर, त्यांच्याबरोबर वर ये. मग इकडे यायचं की नाही ते तू ठरव. मी आता तुला ओढणार नाही, माझ्यात तेवढं बळ उरलेलं नाही.

ते तुझ्या खोलीशी येतील तेव्हा मडकं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं असेल. त्यांना दार लोटता येणार नाही. तू उघड.

दिशा